म्हाताऱ्या स्नायूत बिघडलेली प्रथिनं का साठतात? पेशीतल्या संदेशवहनाबद्दल

सूक्ष्मदर्शी

वयानुसार स्नायू झिजण्याला सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सुचवलं. अमेरिकेच्या रोगसूचीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळायला मात्र २०१६ उजाडलं. हा विषय निघाला की चर्चा लगेच 'प्रथिनं किती खावीत' याकडे वळते. तो मुद्दा महत्त्वाचा आहेच, पण त्याच्या नादात एक प्रश्न सुटून जातो: स्नायूत आधीपासून असलेल्या प्रथिनांचं काय होतं? म्हाताऱ्या स्नायूतली प्रथिनं नुसती कमी झालेली नसतात. त्यातली बरीच बिघडलेली असतात आणि बिघडूनही जागेवरून हललेली नसतात. त्यासाठीच हा धागा.

आधी स्नायूची अडचण समजून घेऊ. एक स्नायुतंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी, तिच्यात शेकडो केंद्रकं. ही पेशी प्रौढ झाली की तिचं विभाजन होत नाही. त्वचेच्या किंवा आतड्याच्या पेशी विभागतात तेव्हा साठलेला बिघाड दोन पेशींत वाटला जाऊन पातळ होतो, स्नायूला ती सोय नाही. त्यात भर म्हणजे त्याचं काम. दर आकुंचनाला प्रथिनांच्या दोऱ्यांवर ताण येतो, उष्णता तयार होते, ऑक्सिजनचे दाहक रेणू निघतात. टायटिन हे माणसातलं सगळ्यात मोठं प्रथिन, तीस हजारांहून जास्त अमिनो आम्लांची साखळी, ते याच तंतूत स्प्रिंगसारखं ताणलं जातं. आकुंचन घडवणाऱ्या मायोसिन या प्रथिनाचं डोकं तर आपोआप नीट घडीही घालू शकत नाही, त्याला यूएनसी-४५ नावाचं मदतनीस प्रथिन लागतं. आणि हे सगळं चालू असतानाच दुरुस्ती करायची, म्हणजे धावत्या गाडीची चाकं बदलायची. तरीही निरोगी माणसाच्या स्नायूतली साधारण एक ते दीड टक्का प्रथिनं रोज बदलली जातात.

यासाठी पेशीकडे तीन यंत्रणा आहेत. पहिली शॅपरोन प्रथिनांची, म्हणजे एचएसपी-७० आणि त्याचे भाऊबंद. बिघडत चाललेल्या प्रथिनाला ते पुन्हा घडी घालून देतात. दुसरी युबिक्विटिन-प्रोटिएसोम: टाकाऊ प्रथिनावर युबिक्विटिनची खूण लागते आणि प्रोटिएसोम ते कापून काढतं (आरोन सिकानोव्हर, अव्राम हेर्श्को आणि अर्विन रोझ, नोबेल २००४). तिसरी ऑटोफॅजी: मोठे गोळे, बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाघरं) वगैरे एका पडद्यात गुंडाळून लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, विरघळवायचे (योशिनोरी ओसुमी, नोबेल २०१६).

या तिन्ही यंत्रणा म्हातारपणीही बऱ्याच अंशी शाबूत असतात. त्यांची जनुकं कुठे जात नाहीत. बिघडतं ते त्यांना कधी चालू व्हायचं आणि कधी थांबायचं हे सांगणारं संदेशवहन. माझा सगळा मुद्दा इथे आहे.

खाल्लं की इन्शुलिन आणि त्याच्यासारख्याच आयजीएफ-१ या वाढघटकाचा संदेश एकेटी या एन्झाइमकडून पुढे जातो. त्याने दोन गोष्टी होतात. एमटॉर हे वाढीचं एन्झाइम जागं होतं (एमटॉरची दोन संकुलं आहेत, इथे सगळीकडे पहिलं संकुल अभिप्रेत आहे) आणि मोडणीची जनुकं चालू करणारा फॉक्सओ हा जनुकनियामक केंद्रकाबाहेर ढकलला जातो. एमटॉर नवी प्रथिनं बांधायला लावतं आणि ऑटोफॅजी थांबवतं. ऊर्जा कमी पडली की एएमपीके हे एन्झाइम उलटा संदेश देतं. २०११ मध्ये हे रेणूच्या पातळीवर स्पष्ट झालं: ऑटोफॅजी सुरू करणाऱ्या यूएलके-१ या प्रथिनावर एमटॉर ७५७ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावून कुलूप घालतं, आणि एएमपीके ३१७ व ७७७ वर फॉस्फेट लावून चालना देतं. एकाच प्रथिनावर दोन विरुद्ध हुकूम! मला हा तपशील अजूनही थरारून टाकतो.

आता ज्या प्रयोगामुळे मी या विषयात ओढला गेलो तो सांगतो. २०१० मध्ये फाबियो देमोंतिस आणि नॉर्बर्ट पेरिमन यांनी फळमाशीच्या स्नायूंत वयानुसार युबिक्विटिनची खूण लागलेल्या, पण न विरघळलेल्या प्रथिनांचे गोळे साठत जातात हे दाखवलं. फक्त स्नायूंत फॉक्सओची क्रिया वाढवली, तेव्हा गोळे कमी झाले, स्नायूंची ताकद टिकली, माश्या जास्त जगल्या. पण खरी गंमत पुढे आहे. मेंदू आणि डोळ्याच्या पडद्यासारख्या ज्या ऊतींना हातही लावला नव्हता, तिथलेही गोळे कमी झाले. माश्या कमी खाऊ लागल्या होत्या, मेंदूतून इन्शुलिनसारखे रेणू कमी सुटत होते. स्नायूच बाकीच्या शरीराला काहीतरी कळवत होता. २०१३ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की फॉक्सओ माशीच्या स्नायूत अॅक्टिव्हिन कुळातल्या एका संदेशाला दाबतो, आणि तो संदेश दाबला की ऑटोफॅजी वाढते.

जाणकारांनी भर घालावी.

निशिगंध

फार छान धागा. वाचतेय.

शोधयात्री

लेख आवडला, पण एक मोठा विरोध नोंदवतो. फॉक्सओला तुम्ही तारणहार केलंत. सस्तन प्राण्यांत चित्र नेमकं उलटं आहे. २००१ मध्ये अॅट्रोजिन-१ आणि मर्फ-१ हे दोन युबिक्विटिन लावणारे एन्झाइम सापडले. स्नायू झिजतो तेव्हा, मग कारण उपासमार असो, मज्जातंतू तुटणं असो की कर्करोग, हे दोघं वाढतात. २००४ मध्ये कळलं की त्यांना वाढवणारा फॉक्सओच आहे. उंदराच्या स्नायूत फॉक्सओ सतत चालू ठेवला तर स्नायू भराभर आकसतो. उलट फॉक्सओची तिन्ही जनुकं स्नायूतून काढलेले उंदीर उपासमारीतही स्नायू टिकवून धरतात. मग माशीत जे औषध ते माणसात विष, असं का मानू नये?

सूक्ष्मदर्शी

@शोधयात्री, हा विरोध यायलाच हवा होता.

तुम्ही म्हणता ते सगळं मान्य. पण त्या बहुतेक प्रयोगांत मोजलं काय, ते बघा. तरुण उंदीर, काही दिवसांची उपासमार किंवा मज्जातंतूचा छेद, आणि शेवटी स्नायूचं वजन. वजन हे प्रमाणाचं माप आहे. तंतूतलं प्रथिन चांगलं आहे की खराब, हे त्यात दिसत नाही.

तेच प्रयोग म्हाताऱ्या उंदरांवर केल्यावर काय झालं, हे २०१३ मध्ये इटलीतल्या मार्को सांद्री यांच्या गटाने दाखवलं. अॅट्रोजिन-१ नसलेले उंदीर म्हातारपणी जास्त झिजले आणि लवकर मेले. 'झिजवणारा' एन्झाइम काढून टाकला आणि झीज वाढली! मर्फ-१ नसलेल्या उंदरांची गोष्ट आणखी बोलकी आहे. वयानुसार त्यांच्या स्नायूंचं वजन टिकलं, पण ताकद मात्र इतर उंदरांपेक्षा कमी भरली. मांस आहे, जोर नाही. जुनं मायोसिन काढलंच नाही तर ते तंतूत जागा अडवून बसतं.

त्याच्याही आधी, २००९ मध्ये, स्नायूतून एटीजी-७ हे ऑटोफॅजीचं जनुक काढून पाहिलं होतं. मोडतोडच बंद केली तर स्नायू वाढायला हवा. प्रत्यक्षात तो झिजला, मायटोकॉन्ड्रिया विकृत झाले, तंतूंची रचना विस्कटली. उपासमारीत तर हे उंदीर नेहमीच्यांपेक्षा जास्त झिजले.

म्हणून 'फॉक्सओ चांगला की वाईट' या प्रश्नात मला रस नाही. किती, किती वेळ आणि कोणत्या वयात, हे विचारायला हवं. अॅट्रोजिन-१ चा पूर आला की तरुण स्नायू वाहून जातो. त्याचा थेंबही नसला की म्हातारा स्नायू कुजतो.

ऋतुजा_प

मी फिजिओथेरपिस्ट आहे. 'मांस आहे, जोर नाही' हे वाक्य वाचून लिहावंसं वाटलं, कारण हे रोज डोळ्यांसमोर असतं. ताकद वस्तुमानाच्या मानाने कितीतरी वेगाने उतरते. म्हणूनच युरोपच्या तज्ज्ञगटाने सार्कोपेनियाची व्याख्या सुधारली तेव्हा पहिला निकष ताकद केला, स्नायूचं प्रमाण त्यानंतर. स्कॅनवर मांडी भरलेली दिसते आणि माणसाला खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही, अशी उदाहरणं विरळ नाहीत. कारणं अनेक असतात, मज्जातंतूचं तुटत जाणं, तंतूंमध्ये साठणारी चरबी. पण तंतूच्या आतल्या प्रथिनाची प्रत हे कारण आम्हाला शिकवलंच जात नाही.

व्यायामाबद्दल थोडं, कारण धाग्यात अजून ते आलं नाही आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर संदेशवहन तिथेच आहे.

स्नायूतंतूत झेड-चकती नावाची जागा असते, ॲक्टिन या प्रथिनाचे दोरे तिथे बांधलेले असतात. तिथे फिलॅमिन नावाचं प्रथिन आहे. वजन उचललं की ते ताणलं जातं आणि त्याची घडी उलगडते. ही उलगडलेली घडी बॅग-३ हे प्रथिन ओळखतं. ते एचएससी-७०, एचएसपीबी-८ आणि चिप नावाच्या एन्झाइमला बरोबर घेऊन त्या बिघडलेल्या फिलॅमिनला ऑटोफॅजीकडे पाठवतं. जर्मनीत योर्ग होफेल्ड यांच्या गटाने २०१० मध्ये हे मांडलं. पुढे माणसांवर केलेल्या अभ्यासात जोराच्या व्यायामानंतर ही यंत्रणा वाढलेली दिसली. म्हणजे ताण हाच संदेश आहे. ताण पडलाच नाही तर ही यंत्रणा कामाला लागत नाही.

आणि बॅग-३ मध्ये २०९ क्रमांकाच्या प्रोलिनच्या जागी ल्युसिन आलं की काय होतं? लहान वयातच स्नायू आणि हृदयाचा गंभीर आजार. एका अमिनो आम्लाचा फरक.

पेशंटना मी हेच सांगते: व्यायामाने स्नायू 'बनतो' हे अर्धंच आहे. आधी त्यातलं मोडकं बाहेर पडतं.

शोधयात्री

@ऋतुजा_प, उत्तम प्रतिसाद. यात माझ्याकडून एक भर.

मोडणं आणि बांधणं एकाच वेळी कसं चालेल, कारण एमटॉर चालू असेल तर ऑटोफॅजी बंद, असा प्रश्न पडतो. बॅग-३ त्याचं उत्तर देतं. होफेल्ड यांच्याच गटाने २०१७ मध्ये दाखवलं की बॅग-३ टीएससी या एमटॉर-विरोधी संकुलाला ताण पडलेल्या जागेवर ओढून नेतं. तिथे, तेवढ्याच भागात, एमटॉर दबतं आणि ऑटोफॅजी चालते. उरलेल्या पेशीत टीएससी कमी झाल्याने एमटॉर मोकळं होतं आणि नवं फिलॅमिन बनत राहतं. एकाच पेशीत दोन जागी दोन हुकूम.

@सूक्ष्मदर्शी, त्यामुळे तुमच्या 'किती आणि किती वेळ' मध्ये 'कुठे' हेही घाला.

सूक्ष्मदर्शी

घातलं! हे फार मोलाचं आहे.

मृण्मयी

मी या क्षेत्रातली नाही, पण आईची काळजी घेते म्हणून हे सगळं दोनदा वाचलं. रॅपामायसिन नावाच्या औषधाबद्दल बरंच ऐकते, ते एमटॉर थांबवतं म्हणे. तुमच्या लेखाप्रमाणे एमटॉर थांबलं की ऑटोफॅजी सुरू. मग म्हाताऱ्या माणसाला ते द्यायचं की नाही? आणि डॉक्टर प्रथिनं वाढवा सांगतात, त्याने तर एमटॉर वाढेल ना? मी गोंधळलेय.

धनुर्धर

@मृण्मयी ताई, मी याच विषयात पीएच.डी. करतोय, माझ्या परीने सांगतो.

तुमचा गोंधळ साहजिक आहे, कारण या क्षेत्रातली बरीच वर्षांची ओढाताण हीच आहे. एका बाजूला म्हणायचे एमटॉर वाढवा, स्नायू वाढेल. दुसऱ्या बाजूला म्हणायचे एमटॉर दाबा, आयुष्य वाढेल. २००९ चा उंदरांवरचा मोठा प्रयोग दुसऱ्या बाजूचा: साधारण ६०० दिवसांच्या, म्हणजे चांगल्या वयस्क उंदरांना रॅपामायसिन सुरू केलं आणि तरीही नर-मादी दोघांचं आयुष्य वाढलं.

स्नायूपुरतं बोलायचं तर दोन्ही टोकं करून पाहिली आहेत. २००८ मध्ये उंदराच्या स्नायूत एमटॉरचं पहिलं संकुल बंद पाडलं: स्नायूंचा गंभीर आजार, अकाली मृत्यू. २०१३ मध्ये, वर आलेल्या टीएससी संकुलातलं टीएससी-१ काढून, ते कायम चालू ठेवलं: ऑटोफॅजी अडली आणि उंदीर वयात आल्यावर वेगळाच, पण तितकाच गंभीर स्नायुविकार. त्यांना रॅपामायसिन दिल्यावर ऑटोफॅजी परत सुरू झाली आणि स्नायू सुधारला. म्हणजे कायम बंदही नको आणि कायम चालूही नको.

आता म्हाताऱ्या माणसाचा स्नायू. त्यात विश्रांतीच्या वेळी, उपाशीपोटी, एमटॉरची क्रिया तरुणापेक्षा जास्त आढळली आहे. आणि खाल्ल्यावर किंवा व्यायामानंतर ती जेवढी उसळायला हवी तेवढी उसळत नाही. या दुसऱ्या भागाला बांधणीविरोध म्हणतात. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा: जिथे शांत असायचं तिथे शांत नाही, जिथे उसळायचं तिथे उसळत नाही. प्रथिनं खाणं आणि व्यायाम हे उसळी परत आणायचे प्रयत्न आहेत. रॅपामायसिन तळ खाली आणायचा. म्हणून डॉक्टरांचा सल्ला आणि हा लेख एकमेकांविरुद्ध नाहीत.

पण रॅपामायसिन सध्या स्नायूसाठीचं औषध नाही. १९९९ पासून ते मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला वापरलं जातं. जंतुसंसर्ग, तोंड येणं, कोलेस्टेरॉल आणि साखर वाढणं, जखम भरायला वेळ लागणं हे त्याचे माहीत असलेले त्रास. शिवाय तरुण माणसांना व्यायामाआधी ते दिलं तेव्हा व्यायामानंतर प्रथिनं बनण्याची जी वाढ होते ती नाहीशी झाली (२००९). उसळीच मारली गेली. २०२० मध्ये म्हाताऱ्या उंदरांना ते दीर्घकाळ दिल्यावर बऱ्याच स्नायूंना फायदा झाला, विशेषतः मज्जातंतू-स्नायू जोडणी टिकली, पण सगळ्या स्नायूंना सारखा फायदा झाला नाही. आपल्या मनाने सुरू करायची ही गोष्ट नाही. कृपया आईंच्या बाबतीत नकोच.

प्रथिनांबद्दल: नेहमीची शिफारस दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅम. २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पासष्टीपुढच्या निरोगी माणसांसाठी १ ते १.२ ग्रॅम सुचवले. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर हा आकडा लागू होत नाही, तिथे डॉक्टर सांगतील तेच.

मृण्मयी

धनुर्धर, मनापासून आभार. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

अर्धविराम

धागा वाचनीय आहे, पण मला इथल्या आत्मविश्वासाची थोडी काळजी वाटते.

एक, मोजमाप. 'ऑटोफॅजी वाढली', 'कमी झाली' अशी वाक्यं सर्रास येतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा मोजलेलं असतं एलसी-३ आणि पी-६२ या दोन प्रथिनांचं एका क्षणीचं प्रमाण. एलसी-३ जास्त दिसलं तर कचरा गुंडाळणाऱ्या पडद्याच्या पिशव्या जास्त बनतायत, की लायसोसोममध्ये त्या रिकाम्या होत नाहीत म्हणून तुंबल्या आहेत? एका फोटोवरून सांगता येत नाही. खरा प्रवाह मोजायचा तर लायसोसोम औषधाने अडवून किती साठतं ते पाहावं लागतं. उंदरात ते करतात, जिवंत माणसाच्या मांडीत कसं करणार? त्यामुळे 'म्हातारपणी माणसाच्या स्नायूत ऑटोफॅजी घटते' असं ठामपणे म्हणायला माणसातला थेट पुरावा तोकडा आहे.

दोन, कार्यकारण. गोळे साठतात म्हणून स्नायू दुबळा होतो, की स्नायू दुबळा होतो म्हणून गोळे साठतात?

तीन, औषधांच्या चाचण्या. बिमाग्रुमॅब हे प्रतिपिंड घ्या. स्नायूची वाढ रोखणारे मायोस्टॅटिन आणि अॅक्टिव्हिनचे संदेश पेशीवरच्या ज्या ग्राहीवर येतात तोच ते अडवतं. सार्कोपेनिया असलेल्या वृद्धांवरच्या चाचणीत (२०२०) स्नायू वाढला, पण चालणं-उठणं वगैरे क्षमतेत औषध घेणारा गट आणि तुलनेचा गट यांच्यात फरक दिसला नाही. अरिमोक्लोमोल हे औषध शॅपरोनची क्रिया वाढवतं. अंतर्भूतकण मायोसायटिस या, स्नायूत प्रथिनांचे गोळे साठणाऱ्या आजारात ते दिलं, चाचणी अपयशी ठरली (२०२३). संदेशवहन इतकं निर्णायक असेल तर ते बदलून फरक का पडत नाही?

शोधयात्री

@अर्धविराम, पहिला मुद्दा पूर्ण मान्य.

दुसऱ्यावर: माणसाच्या जनुकीय आजारांकडे बघा. तिथे कार्यकारणाची दिशा स्पष्ट असते. व्हीसीपी हे प्रथिन युबिक्विटिन लागलेली प्रथिनं ओढून काढायचं काम करतं. त्यात उत्परिवर्तन झालं की मध्यमवयात स्नायुविकार होतो, सोबत हाडांचा पॅजेट आजार आणि एका प्रकारचा स्मृतिभ्रंश (२००४ मध्ये हे जनुक सापडलं). स्नायूत त्याच खुणेचे गोळे. बॅग-३ चं उदाहरण वर आलंच आहे. अल्फा-बी-क्रिस्टलिन या शॅपरोनमध्येही तेच. प्रत राखणारी यंत्रणा आधी तुटली, स्नायू नंतर गेला. नेहमीच्या म्हातारपणातही क्रम असाच असतो असं यावरून सिद्ध होत नाही, पण गोळे निव्वळ साक्षीदार आहेत असंही म्हणता येत नाही.

सूक्ष्मदर्शी

तिसऱ्या मुद्द्यावर मी बोलतो, कारण बिमाग्रुमॅबचा निकाल मला माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध वाटत नाही. त्या चाचणीत दोन्ही गटांना व्यायाम आणि आहाराचा सल्ला होता, त्यामुळे तुलनेचा गटही सुधारला, हे एक. पण मुख्य म्हणजे तिथे वाढवलं गेलं ते प्रमाण. मायोस्टॅटिन नसलेल्या उंदरांत हेच २००७ मध्ये दिसलं होतं: स्नायू प्रचंड, पण आकाराच्या मानाने जोर कमी, आणि आत नळीसारखे साठे. बांधणीचा संदेश सतत वाढवला आणि मोडणीचा दाबला की हे व्हायचंच. संदेश बदलला, पण त्याची ये-जा परत आणली नाही.

औषधाने हे जमत नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. गोळी रक्तात तासन् तास राहते, सगळ्या ऊतींत, पेशीच्या सगळ्या कोपऱ्यांत. बॅग-३ जे एका झेड-चकतीपुरतं, काही तासांपुरतं करतं, ते गोळी कसं करणार?

आणि आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय तो प्रयोग. आपण सगळे गृहीत धरतो की प्रथिनांचा बिघाड म्हणजे वर्षानुवर्षांची झीज हळूहळू साठत जाणं. रिचर्ड मोरिमोटो यांच्या प्रयोगशाळेने सी. एलिगन्स या एक मिलिमीटरच्या कृमीत हे तपासलं. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की कृमीच्या स्नायूंतली नाजूक प्रथिनं बिघडायला लागतात ती म्हातारपणी नव्हे, प्रौढ झाल्यावर लगेचच. २०१५ मध्ये कारण सापडलं. प्रजनन सुरू होताच जननपेशींकडून संदेश येतो आणि उष्णता-धक्का प्रतिसाद, म्हणजे एचएसएफ-१ या जनुकनियामकाने शॅपरोन वाढवण्याची क्षमता, काही तासांत कोसळते. जननपेशींचा तो संदेश अडवला तर प्रतिसाद टिकून राहतो.

विचार करा. पेशी थकली म्हणून यंत्रणा मंदावली नाही. यंत्रणा ठणठणीत असताना बाहेरून हुकूम आला. माणसात असंच होतं असा माझा दावा नाही, माणूस कृमी नाही. पण म्हाताऱ्या उंदरांत आकुंचनानंतर एचएसपी-७० वाढायला हवं ते नीट वाढत नाही, आणि जनुक घालून ते स्नायूत वाढवून दिलं तर म्हातारपणीही जोर बराच टिकतो, हे २००४ पासून माहीत आहे. क्षमता असते, आदेश पोहोचत नाही. झीज परत फिरवता येत नाही, आदेश मात्र फिरवता येतो. म्हणूनच मी याबाबत आशावादी आहे.

निशिगंध

हा शेवटचा परिच्छेद वाचून खूप वेळ विचार करत बसले. एक शंका: मग फार उशीर असं काही असतं का? म्हणजे ऐंशी-नव्वदीच्या माणसाचा स्नायू आदेश ऐकतो का अजून?

ऋतुजा_प

@निशिगंध, ऐकतो. १९९० मध्ये मारिया फिआतारोने यांनी वृद्धांच्या संगोपनगृहातल्या, सरासरी ९० वर्षांच्या माणसांना आठ आठवडे पायांचा जोराचा व्यायाम दिला. संख्या लहान होती, पण पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ मध्ये त्यांनीच शंभर जणांवर तुलनेच्या गटासह तो अभ्यास पुन्हा केला. व्यायामाच्या गटाची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूचा आकार मात्र जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास. यातला मोठा वाटा मज्जातंतूंच्या सुधारणेचा असणार, सगळं श्रेय प्रथिनांच्या प्रतीला देता येणार नाही. पण वजन न वाढता जोर इतका वाढू शकतो, हे लक्षात घ्या.

अर्धविराम

हे आकडे मला मान्य आहेत. माझी हरकत औषधांच्या आशेला होती, व्यायामाला नाही.

मृण्मयी

शेवटचा प्रश्न विचारते. आई मध्यंतरी आजारपणात अंथरुणावर होती. त्यानंतर ती पूर्वीसारखी राहिलीच नाही. थोड्या दिवसांत एवढा फरक पडतो का? की माझ्या मनाचे खेळ?

धनुर्धर

मनाचे खेळ अजिबात नाहीत, ताई. २००७ मध्ये सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी, म्हणजे आजारी नसलेल्या, माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं. स्नायूतली प्रथिनं बनण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी घटला आणि एकट्या पायांतून जवळपास एक किलो मांस गेलं. आजारपणात दाहाचे संदेश त्यात भर घालतात, तेही एकीकडे बांधणी दाबतात आणि दुसरीकडे मर्फ-१ वाढवतात. तरुण माणूस उठून चालायला लागला की हे बरंचसं भरून काढतो. वयस्क माणसाला त्यासाठी मुद्दाम व्यायाम द्यावा लागतो.

ऋतुजाताई, सुरुवात कशी करायची ते तुम्ही सांगाल का?

ऋतुजा_प

मृण्मयी, आधी आईंच्या डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः हृदय, रक्तदाब आणि हाडांबद्दल. त्यांनी हो म्हटलं की सुरुवात खुर्चीपासून. भक्कम, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. उठायचं, सावकाश बसायचं. बसताना घाई नको, कारण खाली येताना स्नायूवर ताण असतानाच तो लांबतो आणि वर सांगितलेला संदेश तिथे जास्त जातो. जितक्या वेळा नीट जमेल तितकंच, शेवटच्या एक-दोन वेळा कष्ट पडले पाहिजेत. मग मध्ये एक दिवस सुट्टी. चक्कर, छातीत दुखणं किंवा सांध्यात तीव्र कळ आली तर लगेच थांबायचं. हाताचा आधार लागत असेल तर खुर्ची थोडी उंच घ्या, आणि जमेल तशी उंची कमी करत जा. पहिल्या आठवड्यात किती वेळा जमलं ते इथे लिहा, पुढचं त्यावरून ठरवू.